दिवे घाट, माझे गुडघे आणि पौलाचा काटा

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. चिकुनगुनिया झाल्यापासून मला सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला नुसतं बसून राहावं लागतं, बोटं वळत नाहीत, गुडघे सुजलेले. त्यामुळे शेजारच्या काकूंनी "येतेस का गं यंदा सासवडपर्यंत?" विचारलं तेव्हा हसून सोडून द्यायचं, एवढंच होतं. पण मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून धड सांगता येत नाही.

आम्ही पंचहौदाजवळ राहतो, पालखीचा मुक्काम भवानी पेठेत, त्यामुळे लहानपणापासून वारकरी आले की दाराशी चहाचं पातेलं ठरलेलं. (याच पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि रानड्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं, आणि आता तिथेच लोक आमच्या हातचा चहा दोन-दोन कप पितात, मजा आहे.) आमच्या चर्चच्या मंडळीत एकदोघांनी विचारलंच, ख्रिस्ती विश्वासी असून वारीला? म्हटलं, प्रभूला घरी ठेवून जात नाहीये. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, मग मी त्या पुलावर जरा चालले तर काय बिघडलं. वाद मिटला, म्हणजे मीच मिटवला.

मला जास्त टोचलेलं वेगळंच. दुखणं लांबलं तसं काही जण प्रेमानेच म्हणायला लागले की विश्वास कमी पडतोय, अजून धरून प्रार्थना कर. अरे पण बायबलमधल्या प्रेषित पौलाचा विश्वास काय कमी होता का? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात, तो सांगतो की माझ्या देहात काटा आहे, तो काढ म्हणून मी तीनदा विनवणी केली. काटा काही निघाला नाही. उत्तर काय मिळालं तर माझी कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच शक्ती पूर्ण होते. तो काटा म्हणजे नक्की काय हे पौल सांगतच नाही आणि मला ते फार आवडतं, ज्याला त्याला आपापला काटा तिथे ठेवता येतो. पण खरं सांगू का, हे वचन मी संडे स्कूलमध्ये पोरांकडून पाठ करून घेतलंय, आणि तरी शक्ती म्हणजे मला आतून बळ येणार, मी ताठ उभी राहणार असंच वाटायचं. दुसऱ्याच्या हातातून पण ती येऊ शकते हे डोक्यातच नव्हतं.

पहाटे अंधारात निघालो, पूलगेटपर्यंत टाळांच्या तालात पाय आपोआप पडत होते, हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते आणि माऊलींची सासवडकडे वळते, तिथे ही गर्दी. एका मांडवातल्या पोराने पाण्याची बाटली हातात दिली. आता ती उघडायची कशी? झाकण पिरगाळायला बोटांत जोर लागतो आणि माझ्या अंगठ्यात तो उरलेलाच नाही. घसा कोरडा पडलेला आणि मी बाटली हातात धरून तशीच चालतेय, काकूंना सांगायची लाज, अनोळखी माणसाला सांगायची त्याहून जास्त. पदराने धरून बघितलं, दाताने बघितलं. शेवटी उन्हाने डोकं दुखायला लागलं तेव्हा शेजारून चालणाऱ्या टाळकऱ्यापुढे नुसती बाटली धरली. त्याने टाळ गळ्यात सोडले, टक् करून झाकण उघडलं, "घ्या माऊली" म्हणाला आणि परत अभंगात. त्याला दोन सेकंद लागले, मी मात्र त्यासाठी हडपसरपासून निम्मी वाट तहानलेली.

वडकी नाल्याला दुपारचा विसावा, एकादशी असल्यामुळे साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. मग घाट. पहिल्या वळणाच्या आधीच गुडघ्याने जीव काढला, मनात एकच, प्रभू येशू दया कर, प्रभू येशू दया कर, तेवढंच पावलाच्या मापाचं होतं. शेजारी एक आजी, सत्तरीच्या तरी असतील, डोक्यावर गाठोडं. म्हणाल्या, "पिशवी दे हिकडं." मी नाही नाही केलं. "लाजती कशापायी? म्या काय घिऊन पळतीया व्हय?" आणि माझी पिशवी स्वतःच्या गाठोड्यावर. कुठल्या दिंडीतली विचारलं, म्हटलं आजी कुठल्याच नाही, मी ख्रिश्चन. "बरं," म्हणाल्या, "कंचा गुडघा?" उजवा म्हटल्यावर त्या माझ्या उजव्या बाजूला आल्या आणि त्यांचा खांदा मला धरायला मिळाला.

घाटात माऊलींच्या रथाला नेहमीच्या जोडीपुढे जास्तीच्या बैलजोड्या जुंपतात, एका जोडीला तो चढ ओढत नाही. हे मी दरवर्षी टीव्हीवर बघितलेलं, पण त्या दिवशी बाजूला उभं राहून बघताना लक्षात आलं की बैल कमी पडले म्हणून कोणी हळहळत नाही, उलट तेच बघायला लोक डोंगरावर चढून बसलेत.

वर आल्यावर मी थांबले. सासवडपर्यंत पुढचं अंतर दिंडीच्या टेम्पोत, भांड्यांच्या शेजारी बसून गेले. काकू चालत पोचल्या, आजी तर घाटमाथ्यावर पिशवी देऊन गर्दीत कधीच पुढे गेल्या.

गुडघा पुढे बरेच दिवस सुजलेला होता, बोटं अजून तशीच आहेत, बरं करण्याची प्रार्थना मी अजून करतेच. पुढच्या रविवारी संडे स्कूलला गेले, बाक भिंतीला लावलेले होते, एरवी कोणी यायच्या आत मीच ओढून लावते आणि मग दुपारभर हात दुखतात. मोठ्या पोरांना म्हटलं, तुम्ही लावा रे, मला जमत नाही आता. लावले त्यांनी. वाकडे लावले, एक तर उलटा होता, पण लावले.