दोघांपैकी एकाचीच टीसी

जालना जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडेच असल्यामुळे जूनमध्ये टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला येणारा प्रत्येक पालक माझ्यासमोरच येऊन बसतो. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या पटावर २४ लेकरं होती. १६ मुली आणि ८ मुलगे. वस्तीवर मुलगे कमी आहेत असं नाही. ते सकाळी साडेआठला फाट्यावरून व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत जातात.

१६ जूनला शाळा भरली. फुलं देऊन लेकरांचं स्वागत झालं, नवी पुस्तकं वाटून झाली. त्याच आठवड्यात एक आईवडील दोन्ही लेकरांना घेऊन आले. मुलगी चौथीत, मुलगा नुकताच दुसरीत गेलेला. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन, वरून मजुरी.

“मॅडम, पोराची टीसी पाह्यजे होती.”

“आणि ताईची?”

“तिचं राहू द्या इथंच. चांगली शिकायली ती इथं.”

टीसी अडवून ठेवणं मला पटत नाही आणि ते कायद्यातही बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. मी जनरल रजिस्टर काढलं आणि लिहिता लिहिता विचारलं, का नेताय?

त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. तिकडं प्रत्येक वर्गाला वेगळी मॅडम आहे, इथं एका खोलीत दोन वर्ग बसतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी माझे सहकारी बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामात होते आणि कित्येक दिवस चारही वर्ग मी एकटीनं सांभाळले, हे त्यांनी पाहिलं होतं. ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं, बैठका यांत आमचा शिकवण्याचा वेळ जातो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पालक अडाणी आहेत, टाय-बुटाला भुलतात, असं आमच्यातले काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. हा बाप नीट विचार करून आला होता. २०२४ मध्ये त्यांनी खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाच्या २५ टक्के राखीव जागांसाठी मुलाचा फॉर्मही भरला होता. त्या वर्षी शासनानं फेब्रुवारीत या जागांचा नियम बदलला, मे महिन्यात उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्दच केला. प्रवेश तोवर लटकलेले. म्हणून पोरगं पहिलीला आमच्याकडे आलं होतं. आता सगळी फी भरून जाणार होतं. वर्षाची १८ हजार, वर व्हॅनचे महिन्याला ८००.

मुलीचा फॉर्म त्यांनी कधीच भरला नव्हता.

मी तिचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “दोघांचं कुठून भागवावं वो मॅडम? तो शिकला तर उद्या बहिणीलाबी तोच बघंल.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. मुलीवर त्यांची माया कमी आहे असं मी म्हणणार नाही. ती तापानं फणफणली होती तेव्हा रात्रीतून तिला मोटारसायकलवर जालन्याला घेऊन जाणारा हाच माणूस.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी बोलली. “मग मी आता एकटी येऊ का?”

कोणीच काही बोललं नाही. त्यांचं घर शेतात आहे, शाळेपासून दीड किलोमीटरवर, मध्ये नाला. वर्षभर ती भावाचा हात धरून आली होती. आम्ही सगळे समजत होतो की ती त्याला शाळेत आणते. तोही तिला आणत होता. दोघं बरोबर आहेत म्हणून घरच्यांना घोर नव्हता. आता तो साडेआठच्या व्हॅननं जाणार आणि ती त्यानंतर एकटी निघणार.

आई हळूच म्हणाली, “आठ-पंधरा दिवस राहील घरी. मग बघू.”

माझा हात थांबला. ते आठ-पंधरा दिवस मी ओळखते. घरी राहिलेल्या मुलीला आधी तान्ह्या चुलत भावंडाकडे बघायला ठेवतात, मग शेळ्या येतात, मग कापूस वेचणी येते. हजेरीत आधी मध्येमध्ये खाडे दिसतात, मग सलग. मुलाच्या फीची चर्चा घरात महिनाभर झाली असणार, पण तिच्या वाटेचं काय, हा प्रश्न तिनं स्वतः विचारेपर्यंत कोणाच्या मनातच आला नव्हता.

मी त्यांना समजावत बसले नाही. चौथीचं नवं बालभारती काढलं, न शिकवलेला धडा उघडला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो घडाघडा वाचला, मधल्या संवादाला आवाज बदलून. मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं, तेही केलं. भावाला दुसरीचं पुस्तक दिलं. तो चांगला वाचत होता, एका जोडाक्षरावर अडला, तर तिनं लगेच त्या अक्षरावर बोट ठेवून त्याला सोडवून दिलं. बापानं आपल्या मुलीला असं सलग वाचताना पहिल्यांदाच ऐकलं होतं. आई मला म्हणाली, “हे समदं इथंच शिकली?” मी म्हटलं, “इथंच. आणि धाकट्याला निम्मं तिनंच शिकवलंय.”

बराच वेळ गेला. शेवटी आईच म्हणाली, “घरी नाही बसवत तिला. नाल्यापस्तोर मी सोडीन, पुढं पोरी असतात.”

टीसी मात्र त्यांनी नेली. मी सही-शिक्का करून दिली. एक केलं, त्यांना सांगितलं की भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारा आणि मान्यता कितवीपर्यंत आहे ते लेखी पाहा.

त्या महिन्यात असे तीन मुलगे गेले आणि पट २१ वर आला. याचा पुढचा हिशेब पालकांना कोणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंत दोन शिक्षक ठरवलेत, पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयापासून वीसच्या आतल्या शाळांच्या दुसऱ्या नियमित पदावर टांगती तलवार आहे. मुलगे गेले की पट उतरतो, पट उतरला की शिक्षक जातो, आणि एका शिक्षकाच्या शाळेत मागे राहतात त्या बहुतेक मुलीच. भावाच्या फीचे पैसे घरातून जातात आणि त्याच वेळी बहिणीचा शिक्षकही जाण्याची वेळ येते. खासगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त आहे हे ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय. आमच्या वस्तीवर ते कळायला अहवाल लागत नाही.

पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी फळ्यावर दोन रकाने आखले, मुली आणि मुलगे, आणि आकडे लिहिले. या समितीत निम्म्या महिला असतात. एक सदस्य बाई फळ्याकडे बघत म्हणाल्या, “माझंबी तसंच आहे. पोरगी इथं, पोरगा व्हॅनमध्ये.” मग दुसऱ्या बोलल्या, तिसऱ्याही. कोणी कोणाला दोष दिला नाही. ठरलं ते एवढंच: शेतातून येणाऱ्या मुलींनी नाल्याच्या अलीकडे थांबायचं आणि एक आई पाळीनं त्यांना घेऊन येईल. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत नाल्याला पाणी होतं ते दिवस सोडले तर हे चाललं, आणि त्या मुलीची हजेरी टिकली.

पण आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या जूनला तिची टीसी मला लिहायची आहे, आणि पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. दिवाळीनंतर तिचे वडील कापूस घेऊन फाट्यावर उभे होते, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “गाडी किती वाजता असते?”