पाडव्याला आभाळातून भंगार आलं

तालुक्याच्या वार्ताहराच्या वाट्याला विज्ञान येत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागातल्या बातम्या ठरलेल्या आहेत: धान खरेदी केंद्रावरचा बारदाना संपला, तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, पोचलं नाही, वाघाने गुराख्याला मारलं, दिवाळीनंतर कुठल्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, कुठलं नाटक. मोठी वैज्ञानिक बातमी एजन्सीकडून परस्पर येते आणि आम्हाला फक्त तिच्याखाली जोडायला 'ग्रामीण भागातील प्रतिक्रिया' मागतात. त्या कशा असाव्यात हे मागणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. अभिमान व्यक्त करणारा सरपंच, डोळे विस्फारलेली म्हातारी, 'मला शास्त्रज्ञ व्हायचंय' म्हणणारी मुलगी. फोटोसह.

२ एप्रिल २०२२ ला मात्र विज्ञान सरळ आमच्याच तालुक्यात येऊन पडलं.

शनिवार होता, गुढीपाडव्याचा. रात्री आठच्या आत-बाहेर आभाळातून जळते ठिपके रांगेने सरकत गेले. महाराष्ट्रात, गुजरातेत, मध्य प्रदेशात लोकांनी ते पाहिलं, मोबाईलवर टिपलं. बाकीच्यांचं पाहण्यावर भागलं. आमच्या लाडबोरी गावात मात्र धातूची एक भलीमोठी कडी धाडकन मोकळ्या जागेत येऊन पडली. लोक घाबरले, घरात शिरले, हे खरंच आहे. रात्रीच्या वेळी लालभडक काहीतरी डोक्यावर येताना पाहून शहाणा माणूस घाबरणारच. नशीब एवढंच की कोणाला लागलं नाही.

रात्रीच डेस्कवरून फोन. "उल्का आहे का?" मी म्हटलं, उल्का असती तर दगड असता, ही सरळसरळ कारखान्यात घडवलेली वस्तू आहे. पलीकडे जरा शांतता. मग खरा प्रश्न आला: "लोक काय म्हणताहेत? देवाचा कोप वगैरे? कुणी हळद-कुंकू वाहिलंय का? तसा फोटो मिळाला तर पहिल्या पानावर घेऊ."

पहिलं पान म्हणजे आमच्यासाठी सणच. आमची खरी कमाई बातमीवर नाही, सव्वीस जानेवारीच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा जाहिरातींच्या कमिशनवर चालते. पण पहिल्या पानावर नाव आलं की जाहिरात मागायला गेल्यावर निदान बसायला खुर्ची मिळते. म्हणून रविवारी सकाळीच निघालो, हळद-कुंकवाच्या शोधात.

कडी तोवर सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात पोचली होती. आठ-दहा फुटांचा व्यास, वजन चाळीस किलोंच्या वर असावं असं सांगत होते. रंग राखाडी, जागोजागी भाजल्याचे काळे डाग. मी बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली. आवाज लोखंडाचा येत नव्हता, हलका होता. हळद नाही, कुंकू नाही, नारळ नाही. बघायला आलेल्यांपैकी एक जण मात्र ती उचलायला किती माणसं लागतील आणि कोणत्या गाडीत मावेल, याचा मनापासून विचार करत होता. त्याच दिवशी पवनपारला एक गोळा सापडल्याचं कळलं. धातूचा, वरून दोऱ्यासारखे तंतू घट्ट गुंडाळलेले. पुढच्या काही दिवसांत आसपास असेच आणखी गोळे निघाले.

प्रतिक्रिया मात्र ठाण्यात मिळत नाहीत, पानठेल्यावर मिळतात. लाडबोरीच्या वाटेवरच्या एका गावात माझा नेहमीचा ठेला आहे. ठेलेवाला खर्रा घोटत बसला होता. पन्नीत सुपारीचे काप, तंबाखू (साधा किंवा 'एकशेवीस' छापाचा), चुन्याचं बोट. आणि मग पट्टीवर तळहाताने असं रगडायचं की वास रस्त्यापर्यंत यावा. हात चालू असला की याचं तोंडही चालतं. बाकड्यावर दोन-चार म्हातारे, आणि पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा, मोबाईलमध्ये बुडालेला.

"चीनचं हाये," पोरगा मान वर न करता बोलला. जोनाथन मॅकडॉवेल नावाचे एक, तेव्हा अमेरिकेत काम करणारे, खगोलशास्त्रज्ञ आहेत, जगातल्या झाडून सगळ्या रॉकेटांचा हिशोब ठेवतात. हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, असं त्यांनी म्हटलं होतं.

ठेलेवाल्याचा हात थांबला. "चायना माल?"

"हो."

"मंग तुटला काऊन नाई? आमचा टॉर्च हातातून पडला तं दोन तुकडे झाले. हे आभाळातून पडून बी साबूत? माह्या मनाला पटत नाई जी."

हसण्यावारी नेऊ नका. माणसाने सिद्धांत ऐकला, हातातल्या पुराव्याशी ताडून पाहिला आणि शंका काढली. त्याच सकाळी माझ्या मोबाईलवर शहरातल्या नातेवाइकांचे जे संदेश आले होते, त्यांत परग्रहावरची तबकडी होती, किरणोत्सर्गापासून बचावाचा काढा होता, आणि 'भारताने शत्रूचा उपग्रह पाडला' ही देशभक्तीही होती. पुरावा कोणीच मागितला नव्हता. आणि जाणकारांतही तेव्हा एकमत कुठे होतं? काही जण न्यूझीलंडहून त्याच संध्याकाळी उडालेल्या रॉकेटचं नाव घेत होते.

मग मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. रॉकेटचा शेवटचा टप्पा उपग्रहाला लांबोळ्या कक्षेत सोडतो आणि स्वतः रिकामा तिथेच फिरत राहतो. पृथ्वीजवळून जाताना दर फेरीला विरळ हवेत घासला जातो, वेग थोडाथोडा घटतो, कक्षा आक्रसत जाते, आणि एके दिवशी तो दाट हवेत शिरतो. बराचसा जळून जातो. वायू दाबून भरायच्या टाक्या, जाड कड्या असल्या चिवट वस्तू खाली पोचतात.

"म्हंजे वर्षभर हे आमच्या डोक्यावरून फिरून रायलं होतं," एक म्हातारा बोलला. "अन कोनाले मालूम नोव्हतं?"

मालूम होतं, मी म्हटलं. पण कुठे पडेल ते नेमकं सांगता येत नाही. ताशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वस्तूची वेळ एका तासाने चुकली, की जागा पृथ्वीच्या अर्ध्या फेरीहून जास्त चुकते.

"पावसाच्या अंदाजावानी," म्हातारा समाधानाने बोलला. "विदर्भात तुरळक ठिकानी."

त्याला स्कायलॅब आठवत होतं. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची ती अवकाश प्रयोगशाळा पडणार म्हणून देशभर हाकाटी झाली होती. "आमच्या बापानं बकरा कापला. मरायचंच हाये तं खाऊन मरू म्हने. मंग काई पडलं नाई, अन बकरा गेला." ती पडली ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावच्या पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला होता, हे मी सांगितलं मात्र, बाकडं एकदम जागं झालं.

"मंग आपल्या ग्रामपंचायतीनं बी पावती फाडावी."

"कोनाच्या नावानं?"

"चीनच्या. घरपट्टी थकली तं आमच्या नावानं नोटीस येते का नाई?"

इथून पुढे ठेल्यावर जी चर्चा झाली ती मी एखाद्या परिसंवादातही ऐकलेली नाही. मी १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं सांगितलं: अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश भरपाई द्यायला बांधील, चूक कोणाची ते सिद्ध करायचीही गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात पडला, साफसफाईपोटी कॅनडाने पुढे तीस लाख डॉलर वसूल केले. लगेच प्रश्न सुरू झाले. पीक नसलेल्या बांधीत पडलं तर नुकसान धरतात का? पंचनामा तलाठ्याने करायचा की पोलिसांनी? दावा गावाने लावायचा की दिल्लीने? आणि पैसे आलेच, तर ते कोणाच्या खात्यात थांबणार? या शेवटच्या प्रश्नावर सगळे हसले, पण प्रश्न सर्वांत अनुभवी तोच होता. करारानुसार दावा सरकारच सरकारकडे लावतं, गावाला थेट लावता येत नाही. हे सांगितल्यावर ठेलेवाल्याने पन्नीला गाठ मारली आणि म्हणाला, "मंग झालं."

तेवढ्यात एक बाई मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याने आली, सावलीला थांबली. एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. पहाटे अंधारात झाडाखाली पोचावं लागतं, नाहीतर फुलं गुरं खातात नाहीतर दुसरं कोणी वेचून नेतं. आणि वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागात दरवर्षी या दिवसांत अशा बातम्या मीच पाठवतो, त्या आतल्या पानावर येतात.

मी तिला विचारलं, मावशी, रात्री आभाळातलं पाहिलं का? भीती वाटली का?

"पायलं ना," ती म्हणाली. "वरून पडलं ते एकडाव पडलं. खालून येते त्याचं लिवा ना भाऊ."

"ते तर लिहितोच."

"वाघाच्या गऱ्यात पट्टा बांधला म्हन्तेत. तो कोनत्या झाडाखाली बसला, ते दूरच्या साहेबाले कंप्यूटरमंदी दिसते. खरं हाये का?"

खरं आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पूर्व विदर्भातल्या काही वाघांना रेडिओ कॉलर लावले आहेत, त्यांचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळतो. सगळ्या वाघांना नाही, मोजक्याच. तेही मी सांगितलं.

"त्याले दिसते," टोपली सावरत ती म्हणाली, "मंग माह्या मोबाईलवर काऊन नाई दिसत? माहा मोबाईल बी टावरवरच चालते ना?"

अशी माहिती सगळ्यांना खुली केली तर शिकारीही वाट बघत बसलेले असतात, हे उत्तर माझ्याकडे होतं. दिलंही. तिने ऐकून घेतलं. "हो, ते बी खरं," म्हणाली आणि निघाली. पटलं का नाही, ते चालण्यावरून कळलं नाही.

त्या दिवशी मी सगळं लिहून पाठवलं. चायना टॉर्च, बकरा, चीनच्या नावाची पावती, मोहाची टोपली. सविस्तर लिहिलं, फोटो चांगले होते. सकाळी अंक आला. कडीचा फोटो होता, झकास छापलेला. खाली चार ओळी आणि मथळा: 'अवकाशातून पडलेल्या वस्तूने ग्रामस्थांमध्ये घबराट'. बाकीची जागा, मला नंतर कळलं, एका ज्योतिषाच्या पाडव्यानिमित्तच्या वार्षिक भविष्याने घेतली होती. त्याच्या प्रतिक्रियेला जागा लागतेच.

ठेल्यावर अंक आला तेव्हा पोरग्याने मोठ्याने वाचून दाखवला. ठेलेवाल्याने विचारलं, "घाबरलं कोन? नाव लिवलं का त्याचं?" नाव लिहिलेलं नव्हतं. "मंग खोटं हाये," त्याने निकाल दिला.

नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले, अवशेष घेऊन गेले. ती बातमी मी दिली, ती नीट छापून आली. पण ठेल्यावर त्या प्रकरणाची फाईल बंद झालेली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा गेलो तर ठेलेवाल्याने पट्टीवरून हात न उचलताच विचारलं, "चीनचं काय झालं जी? दावा लावला का?"

मी म्हटलं, दावा कसला लावणार? कोणाचं घर पडलं नाही, जनावर मेलं नाही, माणसाला लागलं नाही. नुकसान नाही तर भरपाई नाही.

"म्हंजे मानूस मेला असता तं भेटले असते?"

"करारात तसंच आहे."

"मंग वाघाचंच कलम हाये हे," तो म्हणाला. "तुमाले साधा का एकशेवीस?"