नानांचे कान

आज नानांना घेऊन कॉलेज रोडला कान तपासायला गेलो, बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसवलं, बीप आली की बटण दाबायचं. बारीक आवाजांना बटण दाबलंच जाईना आणि ग्राफ चामर लेण्यांच्या डोंगरावरून खाली उतरावं तसा उजवीकडे घसरत गेला 😅 मॅडम म्हणाल्या जाड आवाज येतात त्यांना, स, श, थ, फ असली अक्षरं निसटतात. म्हणजे "ऐकू येतं रे मला, तुम्हीच पुटपुटता" हे अगदीच खोटं नव्हतं! निसटलेलं मेंदू अंदाजाने भरत बसतो, त्यातच दमतो, मग लक्षात ठेवायला ताकद कमी पडते आणि माणूस चारचौघांत जाणंच टाळतो. गोदाघाटावरचा संध्याकाळचा कट्टा नानांनी गुडघ्यांचं कारण सांगून सोडला, गुडघे कसले...

लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी आहेत, त्यात कमी ऐकू येणंही आहे. अर्थात ऐकू कमी म्हणजे डिमेन्शिया होणारच असं अजिबात नाही, आणि कानाचं मशीन म्हणजे जादू पण नाही. २०२३ च्या अमेरिकेतल्या अचीव्ह नावाच्या अभ्यासात मशीन लावून सरसकट फरक दिसला नाही, पण ज्या ज्येष्ठांना धोका आधीच जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण ३ वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. मला एवढं पुरे आहे.

चष्म्याला कोणी लाजत नाही, मशीनलाच का लाजतात देव जाणे. ट्रायलला लावून बाहेर आलो तर नाना म्हणतात, "एवढे हॉर्न वाजतात होय इथे?" किंमत ऐकून मात्र मलाच जरा कमी ऐकू आलं 😄