तोडणार की ठेवणार?

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत होणार हे कळलं, तेव्हा इमारतीला माझा काही विरोध नव्हता. हद्दीलगत तीन जुने पर्जन्यवृक्ष आहेत, त्यांचा अर्धा विस्तार आमच्या गल्लीवर येतो. ते जगावेत एवढंच म्हणणं. बिल्डर म्हणाला, "अहो, एकही झाड तोडत नाही आम्ही." ते खरंच होतं. पुढची सगळी डोकेदुखी त्याच वाक्यातून निघाली.

परवानगीच्या अर्जात झाडांसाठी दोनच रकाने होते: तोडणार किती आणि ठेवणार किती. पहिल्यात आकडा पडला की पाहणी, नोटीस, हरकती सगळं सुरू होतं. दुसऱ्यात 'तीन' लिहिलं की फाइल पुढे. कशी ठेवणार, हे कोणी विचारत नाही. नकाशावर तिन्ही झाडं म्हणजे खोडाएवढे तीन हिरवे ठिपके, आणि त्यांच्यापासून दोन मीटरवर ड्रेनेजची लाइन आखलेली.

पालिकेत झाडांच्या खिडकीवर गेलो. तिथले कारकून शांतपणे म्हणाले, "झाड तुटतंय का? नाही ना? मग आमच्याकडे कशाला आलात?" बांधकाम परवानगीच्या टेबलावर गेलो तर, "झाडांचं आमच्याकडे नसतं, त्या खिडकीवर जा." मुळं तोडली तर झाड तोडल्यासारखंच आहे, असं समजावायला लागलो की समोरचा खिडकीबाहेर रस्त्यावरच्या झाडाकडे बघून म्हणे, "त्याचीही मुळं तोडलीत की, उभं आहे ना?"

उभं असतंच, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे. मुळं तुटलेलं झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर काही वर्षं तग धरतं, मग शेंड्याकडून विरळ होत येतं, वरच्या फांद्या वाळतात. तोवर इमारतीत लोक राहायला आलेले असतात, फाइल बंद झालेली असते आणि झाड 'म्हातारं झालं' म्हणून पडतं. अशा झाडासाठी त्या अर्जात रकानाच नाही.

मी अर्ज दिला. तो आवकमध्ये पडून राहिला. साहेब साइटवर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर. मग कळलं की अर्ज दोन टेबलांमध्येच फिरतोय. दोघांचेही शेरे एकच, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव'. (अर्ज देताना पोच घ्याच, आवक क्रमांकासह. माझ्याकडे ती होती, म्हणून 'असा अर्जच आला नाही' हे वाक्य एकदाच ऐकावं लागलं.) त्यात आणखी एक फाटा फुटला: मी अर्जदार नाही, शेजारी आहे. झाडं बिल्डरच्या प्लॉटवर, मागणी माझी. "तुम्ही कोण?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की अजूनही कोणी सहज विचारलं तरी डोकं तडकतं.

गाठ सुटली ती एका तरुण इंजिनिअरमुळे. त्याने माझा तीन पानी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काका, 'झाडं वाचवा' असं लिहू नका. त्यावर कोणी सही करत नाही. किती मीटर ते लिहा." आणि दुसरी गोष्ट सांगितली: बिल्डरला इतर बदलांसाठी सुधारित नकाशा द्यायचाच आहे, तेव्हा अट त्या नकाशावर चढवून घ्या. वेगळ्या अर्जाच्या मागे लागू नका.

मीटर काढणं अवघड नाही. बीएस ५८३७ या ब्रिटिश मानकात सोपी रीत आहे: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि त्याला १२ ने गुणायचं. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ हे मुळांचं राखीव क्षेत्र. कमाल त्रिज्या १५ मीटर. आमच्या सगळ्यात मोठ्या झाडाचा घेर २२० सेंटीमीटर, म्हणजे व्यास साधारण ७०, म्हणजे त्रिज्या ८.४ मीटर. दोन मीटरवरची ड्रेनेज लाइन त्या वर्तुळाच्या बरोबर पोटातून जात होती. नकाशावर लाल पेन्सिलीने ही वर्तुळं काढून नेली, तेव्हा पहिल्यांदा कोणी खुर्चीत पुढे सरकून बघितलं. सुधारित नकाशावर लाइन दुसऱ्या बाजूने गेली आणि खाली अट आली: दाखवलेल्या हद्दीवर कुंपण घातल्याशिवाय काम सुरू करू नये. ती ओळ वाचून मी ऑफिसच्या जिन्यातच बसून चहा मागवला.

साइटवरचं मग तुलनेने सोपं. कुंपण पहिलं यंत्र आत यायच्या आधी हवं, नंतर नको. माती दबते ती मुख्यतः पोकलेन किंवा ट्रकच्या पहिल्या काही फेऱ्यांतच, आणि दबलेल्या मातीत मुळांना हवाच मिळत नाही. बहुतेक मुळं वरच्या साठ सेंटीमीटरमध्ये असतात, त्यामुळे 'वरवरच खणतोय' हे उत्तर ऐकून घेऊ नका. प्लास्टिकची पट्टी म्हणजे कुंपण नव्हे, मुकादम ती पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवतो. जमिनीत ठोकलेले पाइप आणि पत्रे लागतात. आत खडी-वाळू नाही, भराव नाही, मिक्सर धुतलेलं पाणी तर अजिबात नाही. सिमेंटचं पाणी प्रचंड अल्कधर्मी असतं. खोडाला गोणपाट गुंडाळून 'झाड सांभाळलंय' म्हणणारे भेटतात. खोडाला काही होत नसतं हो, मरण खाली असतं.

काम सुरू होण्याआधी तिन्ही झाडांचे तारखेसह फोटो काढून ठेवा, हे खरं तर वर सांगायला हवं होतं. आणि लाइन हलवणं शक्यच नसेल, तर चर हाताने खणून पाइप मुळांच्या खालून सरकवता येतो, किंवा खोलवरून आडवं बोअर घेता येतं. अडीच सेंटीमीटरहून जाड मूळ तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कापू देऊ नका. कापावंच लागलं तर करवतीने स्वच्छ. यंत्राच्या बकेटने ओढून फाटलेलं मूळ कुजत जातं. कापल्यावर रंग-डांबर फासायची गरज नाही. कुंपणाच्या आत पाच-दहा सेंटीमीटर पालापाचोळ्याचा थर द्या, पण तो सालीला चिकटू देऊ नका.

एक अट मात्र मला उशिरा सुचली आणि भांडून घालून घ्यावी लागली. इमारत झाली, रंग झाला की बागवाला येतो आणि 'आता कसलं कुंपण' म्हणत पत्रे काढायला सांगतो. मग लॉनसाठी माती खणली जाते, दिव्यांच्या वायरसाठी चर मारले जातात, फरशी बसते. वर्षभर जपलेली मुळं त्या शेवटच्या पंधरवड्यात जाऊ शकतात. कुंपण बागेचं कामही पूर्ण झाल्यावरच निघेल, आणि हद्दीच्या आतलं बागकाम हातानेच होईल, हे त्याच नकाशावर लिहून घ्या.