कंपनी गेली, बिल्डिंगा राहिल्या : पिओरिया, कॅन्टन, गेल्सबर्ग

मुंबईत कुणाला सांगितलं की आम्ही इलिनॉयला राहतो, तर समोरून लगेच "म्हणजे शिकागो ना?" असं येतं आणि मी पण आता "हो, जवळच" म्हणून मोकळी होते. जवळ म्हणजे अडीच-तीन तास गाडी हाकायची, दोन्ही बाजूला मका आणि सोयाबीन, मध्ये एखादा धान्याचा सायलो, परत मका. मग पिओरिया. इलिनॉय नदीच्या काठचं १ लाख १३ हजार वस्तीचं शहर, कॅटरपिलरचं शहर म्हणून ओळखलं जाणारं (ती पिवळी मशीनं, आपल्याकडे ज्या सगळ्यांनाच सरसकट जेसीबी म्हणतात). नवऱ्याचं आयटीचं प्रोजेक्ट तिथलं, म्हणून आम्ही इथे. इथल्या निम्म्याअधिक देशी घरांची गोष्ट हीच असेल.

पहिल्यांदा डाउनटाउनला गेलो तेव्हा मला वाटलं आज काहीतरी सुट्टी आहे. रस्ते रुंद, बिल्डिंगा देखण्या, पार्किंग हवं तिथे, आणि माणूस नाही. सुट्टी नव्हती, मंगळवार होता.

हे शहर एकेकाळी दारूवर उभं होतं हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मक्याचा प्रदेश, नदी, रेल्वे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथे व्हिस्कीच्या भट्ट्यांची रांग होती. दारूबंदी आली, गेली, मग १९३४ मध्ये हायरम वॉकरची प्रचंड डिस्टिलरी सुरू झाली, ती १९८१ ला बंद. शेजारच्या पिओरिया हाइट्समधली पॅब्स्टची ब्रुअरी १९८२ ला बंद. आणि त्याच १९८२ च्या ऑक्टोबरात कॅटरपिलरमध्ये युनियनचा संप सुरू झाला तो २०५ दिवस चालला. कंपनी तेव्हा जबरदस्त तोट्यात होती, जपानी कोमात्सु स्वस्तात मशीनं विकत होती, डॉलर महाग झालेला, शेतकरी कर्जात बुडालेला. संप मिटला, पण पूर्वीएवढी माणसं परत कामावर घेतली नाहीत.

१९८२ म्हटलं की मी लालबागची असल्यामुळे मला दुसरं काही आठवतच नाही. आमच्याकडे १८ जानेवारीला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, काका मिलमध्ये होते, घरात त्या विषयावर बोलणं नको असायचं. म्हणून इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने एकदा बार्बेक्यूला "ते एटी-टू" म्हणून सुरुवात केली तेव्हा मी प्लेट ठेवून ऐकत बसले. पण एक फरक आहे आणि तो डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला. गिरणगावात मिल बंद पडली की खालची जमीन सोन्याची झाली. मालकाला कामगारापेक्षा जमीन जास्त फायद्याची, म्हणून टॉवर आले, मॉल आले, आणि तिथली माणसं बदलापूर-विरारला गेली. इथे कारखाना बंद पडला की जमिनीची किंमत पण त्याच्याबरोबर गेली. बिल्डर दारात उभा नाही, उलट शहर बिल्डरच्या दारात उभं आहे, या हो कुणीतरी.

समजा डाउनटाउनमध्ये शंभर वर्षांची चार मजली विटांची वखार आहे. छप्पर गळतंय, लिफ्ट नाही, वायरिंग कुजलेलं. ती नीट करून लोकांना राहण्यासारखे लॉफ्ट (आपला पोटमाळा नव्हे, वखारीतली उंच छताची मोकळी घरं) काढायचे तर जेवढा खर्च येईल त्यापेक्षा तयार झालेल्या बिल्डिंगची बाजारातली किंमत कमी भरते. भाडंच तेवढं येत नाही ना! मग बँक कर्ज कशावर देणार? हा जो खड्डा आहे तो भरायला सरकार लागतं. जुन्या नोंदणीकृत वास्तूच्या डागडुजीवर केंद्राकडून खर्चाच्या २० टक्के टॅक्स क्रेडिट (म्हणजे भरायच्या टॅक्समधून तेवढी वजावट), आणि इलिनॉय राज्याने पिओरियासह नदीकाठच्या पाच शहरांसाठी वर आणखी २५ टक्के ठेवलं. म्हणजे शंभर रुपयातले पंचेचाळीस दुसऱ्याचे, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या वेअरहाउस डिस्ट्रिक्टमध्ये आज जे लॉफ्ट, कॉफी शॉप, रेस्टॉरंट दिसतात त्यांच्यामागे अशीच गणितं आहेत. फुकट पैसा म्हणून नाक मुरडणारे इथे पुष्कळ आहेत, मी त्यातली नाही, कारण दुसरा पर्याय बुलडोझर आणि मग पार्किंग लॉट एवढाच असतो, आणि पार्किंग लॉट इथे इतके आहेत की पिओरियातल्या प्रत्येक माणसाने दोन-दोन गाड्या आणल्या तरी उरतील.

दुसरी चीज म्हणजे टिफ. (डबा नाही!) एखाद्या भागाला शहर टिफ जाहीर करतं, त्या दिवशी तिथल्या मालमत्तांची जी किंमत असेल ती गोठवतात, पुढे २३ वर्षं किंमत वाढून जो जादा प्रॉपर्टी टॅक्स येईल तो शाळा, काउंटी, लायब्ररी यांच्याकडे न जाता त्याच भागाच्या विकासाच्या खात्यात पडतो, आणि त्यातून बिल्डरला मदत, रस्ते, फुटपाथ वगैरे. कागदावर हुशार आहे. भानगड अशी की २३ वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडते, आणि जी वाढ नाहीतरी होणारच होती ती पण त्याच खात्यात जाते. इथल्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगा यूट्यूबवर बघायची मला वाईट सवय लागली आहे, टिफचा विषय आला की भांडण ठरलेलं.

आणि २०१५ चं ते प्रकरण. फेब्रुवारीत कॅटरपिलरने जाहीर केलं की आम्ही डाउनटाउन पिओरियातच नवीन भव्य हेडक्वार्टर बांधणार. शहराला दिवाळीच. चित्रं छापून आली, आसपासच्या जागांचे प्लॅन सुरू झाले. मग मशीनांचा धंदा मंदावला, सीईओ बदलला आणि ३१ जानेवारी २०१७ ला कळलं की नवीन बिल्डिंग नाही, उलट वरचे साधारण ३०० लोक शिकागोकडे जाणार (जागा नंतर ठरली, डीअरफील्ड). बाकीचे हजारो इथेच राहणार होते आणि राहिले, तरीपण साहेब गावात न राहण्याचा परिणाम आकड्यात मोजता येत नाही. साहेबांची मुलं इथल्या शाळेत असायची, साहेब इथल्या ऑर्केस्ट्राला, म्युझियमला चेक लिहायचे. २०२२ मध्ये तर हेडऑफिस टेक्ससला, अर्व्हिंगला. इथे तेव्हा फारसं कुणी आश्चर्य पण दाखवलं नाही.

सगळा दोष कंपनीचा असं नाही हं. शहराने स्वतःच स्वतःला पातळ करून घेतलंय. १९६४ मध्ये उत्तरेचं रिचवुड्स शहरात घेतलं, म्हणून १९७० च्या जनगणनेत आकडा १ लाख २७ हजार दिसतो आणि वाटतं वा, वाढलं की. जुन्या भागातून लोक तोवर निघायला लागले होते. १९७३ मध्ये नॉर्थवुड्स मॉल, मग २००३ मध्ये त्याच्याही पलीकडे शेतात ग्रँड प्रेअरी, दुकानं एकेक करत तिकडे. डाउनटाउनमधला सीअर्सचा अख्खा ब्लॉक वर्षानुवर्षं रिकामा पडून होता, शेवटी २००९ मध्ये लोकांनी मत देऊन पाव टक्का जादा सेल्स टॅक्स मान्य केला आणि २०१२ ला तिथे म्युझियम उघडलं. आणि आम्ही देशी लोक कुठे राहतो? उत्तरेला डनलॅपच्या शाळांच्या हद्दीत, नवीन घरं, तीन गाड्यांचं गॅरेज. डाउनटाउनला वर्षातून चार वेळा, त्यातही एकदा फटाके बघायला. मग तिथे दुकानं का चालत नाहीत म्हणून आपणच हळहळायचं!

उन्हाळ्यात नवऱ्याला घेऊन कॅन्टनला गेले होते. इथून तासाभराच्या आत, १३ हजार वस्ती. या गावात नांगर बनायचे, आधी पार्लिन अँड ओरेनडॉर्फ नावाची कंपनी, १९१९ मध्ये ती इंटरनॅशनल हार्वेस्टरने घेतली. १९७५ मध्ये टोर्नेडोने गावाचा चौक झोडपला, त्यातून सावरतायत तोवर शेतीचं संकट आणि १९८३ मध्ये कारखाना बंद. रिकामा कारखाना गावाच्या अगदी मध्यात चौदा वर्षं उभा, आणि १९९७ मध्ये कुणीतरी आग लावली, सगळं खाक. कॅन्टनची कथा एरवी इथेच संपली असती. पण बिल कुक नावाचा माणूस या गावात वाढलेला, त्याने इंडियानात मेडिकल उपकरणांची मोठी कंपनी काढलेली, कॅथेटर वगैरे. म्हातारपणी त्याने जुन्या हार्वेस्टरच्या जागेवर कुक मेडिकलचा कारखाना आणला, तो २०१० मध्ये सुरू झाला, आणि चौकातल्या जुन्या बिल्डिंगा पण घेऊन दुरुस्त केल्या. २०११ मध्ये तो गेला. चौक आज खरोखर छान आहे, आम्ही तिथे बसून आइस्क्रीम खाल्लं. पण हा प्लॅनिंगचा विजय म्हणून जे लोक भाषणात सांगतात त्यांचं मला हसू येतं. दर गावात एक अब्जाधीश जन्माला यायला हवा आणि त्याला गावाची माया पण हवी, ही काय योजना झाली?

बाकीच्या गावांनी काय केलं? तुरुंग मागितले. हे वाचून मी चाटच पडले. ऐंशीच्या दशकात कारखाने बंद होत होते आणि राज्याला नवीन तुरुंग हवे होते, तर गावं आपापसात स्पर्धा करायची, आम्हाला द्या, आम्ही जमीन देतो. गेल्सबर्गला १९८६ मध्ये मिळाला, कॅन्टनला १९८९ मध्ये. सरकारी नोकऱ्या, पेन्शन, मंदी नाही. आणि जनगणनेत कैदी त्याच गावचे रहिवासी म्हणून मोजले जातात, म्हणजे कॅन्टनच्या त्या १३ हजारांत कुंपणाच्या आतले पण आले. लोकसंख्या स्थिर आहे असं कुणी म्हटलं की मी आता आधी तुरुंग आहे का बघते.

गेल्सबर्गला जायचं तर आय-७४ हायवेने पश्चिमेला पन्नासएक मैल. इथला मेटॅगचा फ्रिजचा कारखाना ही अमेरिकेतली गाजलेली गोष्ट. २००२ मध्ये जाहीर झालं आणि सप्टेंबर २००४ मध्ये शेवटचा फ्रिज निघाला, काम मेक्सिकोत रेनोसाला, इकडचे सोळाशेच्या आसपास लोक घरी. ओबामांनी २००४ च्या त्या पहिल्या मोठ्या भाषणात याच कामगारांचा उल्लेख केला होता. आणि गंमत बघा, छोट्या गावांचे बाजाररस्ते वाचवायची देशभर जी मेन स्ट्रीट चळवळ आहे, तिचा १९७७ मधला पहिला प्रयोग तीन गावांत झाला, त्यातलं एक गेल्सबर्ग. म्हणजे दुकानांच्या दर्शनी भिंती कशा जपाव्यात हे या गावाला अख्ख्या देशाच्या आधी शिकवलं, आणि पंचवीस वर्षांनी तिथे खरेदी करणाऱ्यांचे पगारच गेले. तरी गाव मेलं नाही. सेमिनरी स्ट्रीटवर जुन्या विटांच्या दुकानांची सुंदर ओळ आहे, ब्रेडचा वास येतो, माणसं आहेत. सत्तरच्या दशकात बाहेर बांधलेला सँडबर्ग मॉल मात्र आधी ओस पडला.

गेल्सबर्ग का तगलं यावर मी बराच विचार केला आणि मला उत्तर असं वाटतं की तिथे तीन गोष्टी उचलून नेता येत नाहीत. बीएनएसएफ या रेल्वे कंपनीचं भलंमोठं यार्ड, नॉक्स कॉलेज (लिंकन-डग्लसच्या १८५८ च्या वादसभांपैकी एक तिथे झाली, आता ती इमारत कोण मेक्सिकोला नेणार) आणि तो तुरुंग. शिकागोहून आगगाडी अजून येते तिथे. पिओरिया तिप्पट-चौपट मोठं असून आमच्याकडे १९८१ पासून पॅसेंजर ट्रेन नाही, याचा मला दर डिसेंबरात बर्फातून शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टला जाताना नव्याने राग येतो.

पिओरियाला ते न हलणारं काय असेल तर हॉस्पिटलं. ओएसएफ नावाची कॅथलिक नन्सनी काढलेली संस्था, आता अवाढव्य झाली आहे. तिने डाउनटाउनमधलं ब्लॉक अँड कूलचं जुनं पांढरं डिपार्टमेंट स्टोअर घेऊन तिथे आपलं मुख्यालय केलं. साड्यांच्या जुन्या दुकानात कलेक्टर कचेरी आल्यासारखं वाटतं थोडं, पण दिवे लागतात, दुपारी लोक जेवायला बाहेर पडतात, मला तेवढं पुरे आहे. ज्या भागाला हे काहीच पोचलं नाही तो साउथ साइड, ६१६०५ पिनकोड, राज्यातल्या सगळ्यात गरीब पिनकोडांपैकी एक. डाउनटाउनपासून पाच मिनिटं. तिथे टॅक्स क्रेडिट लावायला देखण्या वखारी नाहीत, साधी लाकडी घरं आहेत, एकेक रिकामं होतं, मग आग किंवा पाडकाम. मोठी किराणा दुकानं पण निघून गेली. विकासाच्या चित्रात हा भाग मी कधी पाहिला नाही.

एवढं सगळं वाचून कुणी विचारेल, कारण आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी विचारतातच, की पिओरियात घर घ्यावं का. मधे टिकटॉकवर एका बाईने इथली स्वस्त जुनी घरं दाखवली आणि खरंच दुसऱ्या राज्यांतून लोक सामान घेऊन आले, त्यामुळे प्रश्न अजून वाढलेत. घरं सुंदर आहेत, शंभर वर्षांची, लाकडी जिने, मोठा पोर्च, आणि मुंबईत पार्किंगची जागा येणार नाही एवढ्या पैशात मिळतात. फक्त प्रॉपर्टी टॅक्स भयंकर आहे, कारण शाळा, रस्ते, पोलीस आणि फायरवाल्यांची पेन्शन सगळं तेवढंच राहिलंय आणि भरणाऱ्या घरांच्या किमती पडलेल्या. तेव्हा एजंटने किचन दाखवायच्या आधी त्याच्याकडे गेल्या तीन वर्षांची टॅक्सची बिलं मागा.