व्याख्येनेच खरं

आमच्या विज्ञानाच्या सरांना वाक्यांचे ढीग लावायचा भारी नाद. फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे. 'त्रिकोणाला तीन बाजू असतात.' 'या वर्गाला तीन खिडक्या आहेत.' मग विचारायचे, "यातलं कुठलं खरं-खोटं करायला मान वर करावी लागेल?"

पुढे कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं, तेव्हा कळलं की हे ढीग जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्येच लावून ठेवलेत : विश्लेषक विधानं, म्हणजे शब्दांच्या अर्थानेच खरी असलेली, आणि संश्लेषक विधानं, म्हणजे जगाकडे पाहून ताडावी लागणारी. १९५१ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइनने त्यांच्यामधल्या भिंतीवरच शंका घेतली. परीक्षेपुरतं दोघांचंही लिहिलं. डोक्यात राहिली ती मात्र प्रयोगशाळेतली वजनपेटी.

पितळी वजनं चिमट्यानेच उचलायची, बोटांचा घाम लागता कामा नये, ही सरांची सक्त ताकीद. एकदा त्यांनी विचारलं, "हे शंभर ग्रॅम कशावरून?" त्याहून अचूक वजनाशी ताडून. "आणि ते?" असं करत करत आम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मूळ किलोच्या ५७ क्रमांकाच्या प्रतीपर्यंत आणि तिथून पॅरिसजवळच्या सेव्रला पोचलो. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा, जेमतेम ३९ मिलिमीटर उंचीचा दंडगोल. "तो एक किलो कशावरून?" वर्ग गप्प. "कशावरूनच नाही. १८८९ पासून तोच किलो!"

यातली खरी गंमत मला फार उशिरा कळली. शंभर वर्षांत त्या दंडगोलात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला होता. पण मूळ दंडगोल हलका झाला असं म्हणायची सोयच नव्हती. तो झिजो नाहीतर मळो, एक किलोच. बदललं असेल तर बाकीचं जग! व्याख्येने खरी असलेली वाक्यं पोकळ असतात म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. पोकळ वाक्यासाठी एवढे शास्त्रज्ञ इतकी वर्षं खपले नसते.

२० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीला, बांधला गेला आणि तो दंडगोल इतर वस्तूंसारखा मोजायची वस्तू झाला. मी लगेच सरांना फोन लावला. आवाज थकलेला, पण खोड तीच. "म्हणजे एक वाक्य व्याख्येच्या ढिगातून मोजायच्या ढिगात आलं. आता उलट गेलेलं सांग."

या वेळी उत्तर तयार होतं. प्रकाशाचा निर्वातातला वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पर्यंत तो मोजत होते. त्या वर्षी मीटरची व्याख्याच त्या वेगावरून केली, तेव्हापासून तो मोजायचं कारणच उरलं नाही.