तुम्ही विचारलंत म्हणून : सहा वर्षांची पोर एकटी शाळेत?

जपानहून पुण्याला परत आल्यापासून हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल, गणती नाही. लग्नात, लिफ्टमध्ये, पालकसभेत. "सहा वर्षांची पोर एकटी शाळेत जायची? आणि तुम्ही पाठवायचात?" विचारण्यात थोडं कौतुक असतं, थोडा ठपकाही असतो. म्हणून एकदा नीट सांगते.

हो, जायची. आम्ही टोकियोच्या निशी-कासाई भागात राहायचो. तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, पण लेकीला आम्ही घराजवळच्या सरकारी जपानी शाळेत घातलं. अशा शाळांमध्ये आईबापांनी गाडीवरून सोडायची पद्धत नाही. पहिलीपासून मुलं चालत जातात. एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायची होती आणि मार्चमध्येच आम्ही दोघी ती वाट रोज चालून बघत होतो. इथे वळायचं, इथे थांबायचं, हात वर करून रस्ता ओलांडायचा.

पण "एकटी" हा शब्द मला खटकतो. पहिलीच्या मुलांना पिवळी टोपी असते, दप्तरावर पिवळं कव्हर असतं. ते दप्तर, 'रांदोसेरू', सहावीपर्यंत एकच वापरतात. नवीन असतं तेव्हा पोरीपेक्षा तेच मोठं दिसायचं. त्याच्या पट्ट्याला एक भोंगा लटकवलेला, दोरी ओढली की कानठळ्या बसतील असा. शाळेत जायची वाट शाळेनेच ठरवून दिलेली असते, तिला 'त्सूगाकुरो' म्हणतात, आणि मुलांनी त्याच वाटेने जायचं. वाटेतल्या काही घरांवर, दुकानांवर एक पाटी असते : घाबरलास तर आत ये. त्या पाटीवर ११० हा आकडा असतो, तो तिथला पोलिसांचा नंबर. पहिल्या आठवड्यात मी लेकीच्या मागून लपत लपत जायचे. तिसऱ्या दिवशी चौकातल्या आजोबांनी मला बरोबर हेरलं, हसले आणि मान लववून हातानेच सांगितलं, जा घरी.

मग माझीही पाळी आली. पालकांनी आळीपाळीने पिवळा झेंडा घेऊन चौकात उभं राहायचं असतं. झेंडा आडवा धरला की गाड्या थांबायच्या, मुलं पलीकडे जायची, आणि त्यातली काही वळून थांबलेल्या ड्रायव्हरला वाकून नमस्कार करायची. सात वर्षांचं पोर ट्रकवाल्याचे आभार मानतंय आणि तोही मान हलवतोय, हे बघून पहिल्यांदा माझे डोळे भरून आले होते.

शाळेतलंही लोक विचारतात, ते थोडक्यात. डबा नाही, जेवण शाळेतच. पांढरे झगे आणि टोप्या घालून मुलंच पाळीपाळीने वाढतात, आणि वर्ग झाडणं-पुसणंही त्यांच्याकडेच. आम्ही शाकाहारी, त्यामुळे महिन्याचा मेनू हातात आला की एकेका पदार्थावर खुणा करत बसणं हा माझा उद्योग होता. शिक्षिका प्रत्येक खूण वाचायच्या.

चौथीत ती तोझाई लाइनने एक स्टेशन पलीकडे, कासाईला, क्लासला जायला लागली. लहान मुलांचं कार्ड गेटवर टेकवलं की चिमणीच्या पिल्लासारखा चिवचिव आवाज येतो. अर्ध्या तिकिटाचा प्रवासी आहे, हे स्टेशनवरच्या माणसाला न बघता कळतं.

तिकडे घरातून निघताना मूल म्हणतं 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येते. आपणही 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा जपान तिला एकदम जवळचं वाटायला लागलं.

आता इथलं. दोन्ही देशांत गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे उजवीकडे बघ, डावीकडे बघ, हे काही नव्याने शिकवायला लागलं नाही. कोथरूडला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लेक झेब्रा क्रॉसिंगवर हात वर करून उभी राहिली. दहा वर्षांची, ताठ हात. कोणी थांबेना. मी पलीकडे होते, मलाही पोचता येईना. हात हळूहळू खाली आला. तेवढ्यात कडेला भाजी घेऊन बसलेल्या मावशी उठल्या, तिचं मनगट धरलं, दुसरा हात गाड्यांसमोर केला आणि तिला माझ्यापर्यंत आणून सोडलं. "येडे, असं उभं राहून कोन थांबतंय व्हय," म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

मला वाटतं, खरा फरक तिथे आहे. तिकडे मी वाटेच्या भरवशावर मूल सोडलं होतं, इकडे माणसाच्या भरवशावर सोडते. आमचे रिक्षाकाका कोणाला गाडी लागते, कोणाची आई कामावर आहे, कोणाला आज आजीकडे सोडायचंय, सगळं तोंडपाठ ठेवतात. मागे एकदा पावसात रस्ते तुंबले, तेव्हा शेवटचं पोर घरी पोचेपर्यंत त्यांनी एकेका आईला फोन केले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रिक्षात मुलं दाटीवाटीने बसतात, दप्तरं बाहेर लटकतात, आणि काका आजारी पडले की सगळंच कोलमडतं. एका भल्या माणसावर आपण किती टाकायचं? राज्यात २०११ पासून स्कूलबससाठी नियम आहेत, त्यात शाळेने परिवहन समिती नेमायची असते. तुमच्या शाळेत ती कधी बसते, हे पालकसभेत विचारून बघा. मी विचारलं, आणि आता मी त्या समितीत आहे.

तर, भीती वाटायची का? तिकडे दोन आठवडे वाटली. इकडे ती आता सातवीत आहे, बिल्डिंगमधल्या दोघींबरोबर चालत जाते, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गॅलरीतून हलत नाही.

सोमवारी आणि गुरुवारी मात्र मी गॅलरीत नसते, शाळेसमोरच्या चौकात असते. आम्ही चौघी पालक आहोत, झेंडा जुन्या पिवळ्या ओढणीचा शिवलाय. दुचाकीवाले अजून कडेने निसटून जातात. रिक्षाकाका थांबतात, आणि ते थांबले की त्यांच्या मागच्यांनाही थांबावं लागतं.